मामा, मळे आणि सहा चौकोन

“आमच्या अथणीत आन् तुमच्या कणकुंबीत सारखाच पाऊस पडतोय व्हय गं?” माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघत मामांनी विचारलं. जुलैची संध्याकाळ होती. अनगोळच्या आमच्या घरात चार दिवस न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास भरला होता. हॉलमध्येच दोरी बांधली होती आणि पंख्याखाली दोन छत्र्या उघड्या ठेवल्या होत्या. मामा दवाखान्याच्या कामाला आले होते आणि दवाखान्यापेक्षा बेळगावच्या पावसालाच जास्त वैतागले होते. पडद्यावर सहा चौकोन होते, वर तीन, खाली तीन, आणि प्रत्येकात बारा महिन्यांचे बारा स्तंभ. वरच्या रांगेत पहिला अथणीचा, त्याला लागून कणकुंबीचा. अथणीचा सर्वांत उंच स्तंभ चौकोनाच्या छताला टेकलेला, आणि कणकुंबीचाही टेकलेला. मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, “मामा, उंची बघू नका, डाव्या बाजूचे आकडे बघा. इथे दीडशे आहे, तिथे दोन हजार.” मामा “हां, हां” म्हणाले, कप उचलला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

तो “हां, हां” पुढे पंधरा दिवस माझ्या कानात राहिला.

झालं होतं असं, की बी. एस्सी.च्या मुलांना एका आकृतीत अनेक आलेख कसे बसवायचे ते शिकवायचं होतं. आर ह्या संगणकभाषेबरोबर सरावापुरती माहिती आयतीच मिळते. दीडशे आयरिस फुलांच्या पाकळ्यांची लांबी-रुंदी, नाहीतर १९७४ सालच्या एका अमेरिकी मासिकातल्या ३२ मोटारींचं मायलेज. वर्षानुवर्षं तीच फुलं आणि त्याच मोटारी. आमच्या मुलांनी आयरिस पाहिलेलं नाही, आणि त्या मोटारी तर आता तिकडेही कुणी चालवत नसेल. म्हटलं, आपल्या जिल्ह्याचा पाऊस घेऊ. चोर्ला घाटाच्या तोंडाशी, मलप्रभेच्या उगमापाशी कणकुंबी, तिथून सह्याद्रीकडे पाठ करून निघालं की जांबोटी, खानापूर, बेळगाव, पुढे हुक्केरी, आणि पार टोकाला अथणी. पश्चिमेला वाऱ्याने छत्री मोडते, पूर्वेला छत्री उन्हासाठी काढतात. कणकुंबीचा एकटा जुलै अथणीच्या अख्ख्या वर्षाला भारी पडतो.

जीजीप्लॉट२ ह्या आरमधल्या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये हे काम एका ओळीचं आहे. ‘फॅसेट रॅप’ म्हणायचं, ठिकाणाचं नाव द्यायचं, की तो माहितीचे तुकडे पाडून सहा चौकोन मांडून देतो, आणि आपण काहीच सांगितलं नाही तर सगळ्यांना एकच मोजपट्टी लावतो. पहिल्यांदा मी तसंच केलं. कणकुंबीसाठी उभा अक्ष दोन हजार मिलिमीटरपर्यंत गेला आणि अथणीच्या चौकोनात तळाशी कुणीतरी पेन्सिलीचं टोक टेकवून उचललं असावं अशा खुणा तेवढ्या उरल्या. चौकोनाची उंची तीन सेंटिमीटर, त्यात अथणीचा सप्टेंबर जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. आजोळच्या पावसाची ही अवस्था मला काही बघवेना. मग अक्ष मोकळा सोडला, म्हणजे ज्याची त्याची मोजपट्टी ज्याला त्याला. अथणी एकदम डोकं वर काढून उभी राहिली. आणि तेव्हा दिसलं, की तिचा पाऊस कणकुंबीची छोटी प्रत नाहीच मुळी. कणकुंबीला जुलैचा एकच सुळका. अथणीला जूनमध्ये थोडी उठावणी, मग पडेल चेहऱ्याचे जुलै-ऑगस्ट, आणि खरा पाऊस सप्टेंबरात. द्राक्षवाल्यांची छाटणी ज्या पावसाकडे बघून पुढेमागे होते तो हाच. एका मोजपट्टीत हा सप्टेंबर मला कधीच दिसला नसता. मी खुशीत होते. तेवढ्यात मामा आले.

दोन चौकोन शेजारी का आले, ह्याचीही एक गंमत आहे. सांगितलं नाही तर आर सगळं वर्णानुक्रमे लावतो. नावं इंग्रजीत असती तर वरच्या रांगेत अथणी, बेळगाव, हुक्केरी आले असते आणि जांबोटी, कणकुंबी, खानापूर ही पावसाळी मंडळी खालच्या रांगेत एकत्र बसली असती. (तिथे बेळगाव लिहा की बेळगावी, नंबर दुसराच लागतो. एवढी एक गोष्ट बिनवादाची.) मी हौसेने नावं मराठीत लिहिली. मग अ नंतर थेट क. जिल्ह्याचं कोरडं टोक आणि ओलं टोक बाराखडीने मांडीला मांडी लावून बसवलं.

शाळेत भूगोलाच्या सरांनी आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहायला लावलं होतं. य अक्ष, १ सेंमी = १०० मिमी पाऊस. ते लिहिलं नाही तर अर्धा गुण जायचा. चित्र सुरेख, रंगकाम रेघेबाहेर न गेलेलं, तरी अर्धा गुण गेलाच. तेव्हा हा निव्वळ छळ वाटायचा. आता मुलांसमोर उभी राहते तेव्हा मीच तो छळ करते. फ्रान्सिस अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच केले, ते मी दर वर्षी दाखवते. चारही संचांत एका अक्षाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, सहसंबंध ०.८१६, म्हणजे कागदावर चौघे जुळे भाऊ. चित्रं काढली की एक सरळ रेषेभोवती रेंगाळतो, दुसरा कमानीसारखा वाकतो, तिसऱ्यात एक बिंदू रांग सोडून पळालेला, आणि चौथ्यात दहा जण एकावर एक उभे आणि एकटा लांब. ती चारही चित्रं एकाच मोजपट्टीवर काढतात, म्हणूनच तर फरक डोळ्यांत भरतो. सारखे आकडे शेजारी मांडून त्यांचा वेगळेपणा त्याने दाखवला. मी वेगळे पाऊस शेजारी मांडून ते सारखे करून टाकले होते, तेही घरच्याच माणसासमोर.

मामांकडे दोन एकर द्राक्षं आहेत. लहानपणी सुट्टीत त्या मांडवाखाली दुपारभर पडून असायचो. वर तारांच्या चौकटी, चौकटीचौकटीतून लोंबणारे घड, आणि औषध फवारलेल्या पानांचा तो निळसर, नाकात बसणारा वास. मामा बसून एकाच घडाकडे कधी बघत नसत. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून सगळ्या ओळीवर एकदम नजर टाकायचे आणि म्हणायचे, “तिसऱ्या वळीत दावण्या आलाय.” दावण्या म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग, डाउनी मिल्ड्यू. पुढे नोकरीत लागल्यावर वाचलं, की ह्या चौकोनी मांडणीला बेल प्रयोगशाळेतल्या लोकांनी नव्वदच्या दशकात ‘ट्रेलिस’ नाव दिलं होतं. ट्रेलिस म्हणजे वेल चढवायची जाळी, आपला मांडवच की. तीच कल्पना दीपायन सरकारांनी ‘लॅटिस’ नावाने आरमध्ये आणली. मला मांडवाखालची ती दुपार आठवली आणि उगीचच बरं वाटलं.

आजोळच्या सोप्यात एक मोठी फोटोची चौकट होती. हल्ली दिसत नाही तशी. मधोमध आजोबांचा फेट्यातला फोटो, भोवती पोस्टकार्डाएवढे, त्यांच्याभोवती पासपोर्टाएवढे. लग्नं, बारशी, मिरजेच्या स्टुडिओत काढलेली माझ्या आईची दोन वेण्यांची तसबीर. आरच्या जुन्या पद्धतीत ‘लेआउट’ नावाची आज्ञा आहे, तिला आकड्यांचा चौकोन द्यावा लागतो. कोणत्या घरात कितव्या नंबरचं चित्र, ते त्यात लिहायचं. एकच आकडा चार घरांत लिहिला की ते चित्र चारही घरं व्यापतं. मुलांना हे समजावताना मी फळ्यावर ती चौकट काढते. आजोबा एक नंबर, चार घरं. बाकीचे एकेका घरात. कुणी विचारत नाही आजोबांनाच चार का म्हणून. काठाला बसवलेल्या एका मावशीचा अर्धा चेहरा चौकटीच्या पट्टीखाली गेला होता, आणि ती येईल तेव्हा त्यावरून एकदा तरी बोलायचीच. आरमध्येही प्रत्येक चित्राला चार बाजूंनी समास असतात, आणि चित्रं लहान करत गेलं तरी ते काही त्या प्रमाणात लहान होत नाहीत. शेवटी एक वेळ अशी येते, की चित्राला जागाच उरत नाही आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात: समास फार मोठे आहेत. सीमाभागातल्या माणसाला हा एरर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं. माझ्या आलेखात तो ऑगस्ट बघावा तर अथणीला बोटभर स्तंभ. मामांच्या शिवारात पाऊस पडला नव्हता म्हटलं तरी चालेल. पाऊस पडला वर, सातारा-कोल्हापूरच्या घाटात, आणि पाणी आलं कृष्णेतून. पूर ओसरल्यावर मामा ती चौकट गोणपाटात गुंडाळून एसटीने बेळगावला घेऊन आले. फोटो काचेला चिकटले होते. खडेबाजारातल्या फ्रेमवाल्याने चौकट उजेडात धरली, कडेला नख लावून पाहिलं आणि म्हणाला, “काच काढली तर चेहरे काचेबरोबर येतील, आण्णा.” मग त्याने काच तशीच ठेवून मागचा पुठ्ठा तेवढा बदलला. आजही त्या काचेत आतल्या बाजूने गाळाची एक रेघ आहे, आजोबांच्या मिशीपासून आईच्या वेणीपर्यंत, बरोब्बर आडवी.

तेव्हा आकृती पुन्हा करायची ठरवली. आता एक आकृती पुरणार नव्हती. सगळ्यांना एक मोजपट्टी लावून किती पडतो ते दाखवायचं, आणि शेजारी अथणी तिच्या स्वतःच्या मोजपट्टीवर, कधी पडतो ते दिसावं म्हणून. दोन्हीकडे कोपऱ्यात प्रमाण, सरांच्या धाकाने. वेगवेगळी काढलेली चित्रं जोडायला टॉमस लिन पेडरसन ह्यांचं पॅचवर्क हे पॅकेज मला आवडतं, कारण ते गोधडी शिवल्यासारखं आहे. दोन चित्रांमध्ये उभी रेघ घातली की ती शेजारी बसतात आणि तिरकी रेघ, म्हणजे भागाकाराचं चिन्ह, घातलं की एकाखाली एक. तीन चित्रं एकाच ओळीत लिहिली, पहिल्यानंतर उभी रेघ आणि दुसऱ्या-तिसऱ्यात तिरकी, तर आधी काय? मुलं गोंधळतात. मी म्हणते, कंचेभागुबेव आठवा. भागाकार आधी. म्हणजे दुसरं-तिसरं एकाखाली एक जोडून होतात आणि मग पहिलं त्यांच्या शेजारी येऊन बसतं. पाचवीत पाठ केलेलं हे सूत्र इतक्या वर्षांनी चित्रं टाचायच्या कामी येईल असं सांगितलं असतं तर आमच्या गुरुजींनी कान पिळला असता.

एक बारीकशी खोड मात्र जवळून बघण्यासारखी आहे. नुसती एकाखाली एक ठेवलेली चित्रं काटेकोर जुळत नाहीत. कणकुंबीच्या अक्षावर ‘२०००’ असे चार आकडे, अथणीच्या अक्षावर ‘१५०’ असे तीन. एका जादा आकड्याची जागा करून देण्यासाठी कणकुंबीचं चित्र उजवीकडे केसभर सरकतं. पाहताना कळत नाही, पण वरून पट्टी सोडली तर कणकुंबीच्या जुलैखाली अथणीचा जुलै येत नाही, थोडा डावीकडे राहिलेला असतो. पॅचवर्क हे आपणहून सांभाळतं, अक्षाला अक्ष लावून घेतं. हे कळायच्या आधी मी एक अख्खा रविवार एक-एक मिलिमीटर ढकलण्यात घालवला होता, तो गेला तो गेलाच.

अक्षरांचा छळ निराळाच. सहकाऱ्याने जिल्ह्यातली आणखी काही गावं घेऊन हेच पायथन ह्या दुसऱ्या संगणकभाषेच्या मॅटप्लॉटलिबमध्ये करून बघितलं तर आधी नावांच्या जागी नुसते रिकामे डबे आले. फॉन्ट बदलल्यावर अक्षरं आली, पण निपाणीची पहिली वेलांटी न सोडून प च्या गळ्यात पडली आणि चिक्कोडीतला जोडाक्षराचा क पाय मोडून उभा राहिला. आरमध्ये ‘रॅग’ नावाचं पॅकेज वापरलं की हे नीट येतं. मग हुरूप येऊन मी अक्षाचं नाव कन्नडमध्येही लिहिलं, वर्गात निम्मी मुलं कन्नड माध्यमातली आहेत म्हणून. कन्नडात पाऊस म्हणजे ‘मळे’. ते मी मामांना फोनवर सांगितलं. ते हसले. “आमच्याकडं मळे रग्गड हाईत, मळे नाही,” म्हणाले. हा विनोद अथणीच्या बाजाराला जुना असणार, मीच पहिल्यांदा ऐकला.

हे सगळं चाललं असताना एक गोष्ट मला सुचली नव्हती, आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं. दवाखान्याचं काम म्हणजे डोळ्यांचं होतं. दोन्हीकडे मोतीबिंदू. हे मला ठाऊक होतं, तारीख मीच घेतली होती, रिक्षा मीच सांगितली होती. आणि तरीही मी त्या माणसाला डाव्या बाजूचे आकडे बघायला सांगत होते. आरच्या जुन्या पद्धतीत दोन बाय दोन चित्रं मांडली की अक्षरं आपोआप ०.८३ पट होतात, रांगा तीन झाल्या की ०.६६ पट. सहायकपुस्तिकेत तसं लिहिलेलंच आहे. जीजीप्लॉट२ ते करत नाही, तिथे ते मी स्वतःच्या हाताने केलं होतं. बारा महिन्यांची नावं एकमेकांवर चढू नयेत म्हणून अक्षर सहा पॉइंटवर आणलं आणि आकडे फिक्या राखाडी रंगात ठेवले, कारण तसं दिसायला शांत दिसतं. माझ्या मनाने मात्र परस्पर ठरवून टाकलं होतं, की मामांना आलेख वाचता येत नाही. तिसऱ्या ओळीतला दावण्या मांडवाच्या तोंडाशी उभं राहून ओळखणाऱ्या माणसाला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मामा चार दिवस आमच्याकडेच होते. तिसऱ्या दिवशी मी नवी आकृती आणि जुनी आकृती दोन्हींचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. हिरवी पट्टी निघाली होती, काळा चष्मा कपाळावर. त्यांनी जुना कागद उचलला, दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ धरून राहिले.

“ह्ये आकडे हुते व्हय? मला मुंग्या वाटल्या हुत्या.”

मी काही बोलले नाही. त्यांनीही विषय वाढवला नाही. नव्या कागदावर त्यांनी आधी अथणी शोधली, मग सप्टेंबरवर अंगठा ठेवला, आणि मान हलवली. “ह्ये बरोबर हाय. खरं ह्यात पूर कुठं दिसतोय?” बेळगावकडे ‘पण’ ऐवजी ‘खरं’ म्हणतात हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी त्या क्षणी ते ‘खरं’ दुसऱ्याच अर्थाने कानावर आलं.

पूर दाखवायचा तर सातवा चौकोन हवा, महाबळेश्वराचा नाहीतर कोयनेचा. माझ्याकडची फाइल जिल्ह्याच्या हद्दीवर संपते. इकडे कर्नाटकात पावसाचा हिशेब होबळीवार, म्हणजे गावांच्या महसुली गटाप्रमाणे, तिकडे महाराष्ट्रात महसूल मंडळवार. ती माहिती मिळवायला, दोन्हीकडचे महिने जुळवायला आठवडा गेला. शेवटी सातवं चित्र आलं, आणि फॅसेट रॅपने सात चौकोन तीन बाय तीनमध्ये मांडले. म्हणजे खाली उजवीकडे दोन घरं रिकामी. एरवी तिथे रंगांची सूची बसवतात, नाहीतर काहीतरी भरतात. मला काही सुचलं नाही, मी तशीच ठेवली. आकडे दहा पॉइंटवर नेले, काळे केले, आणि मामा दुसऱ्या डोळ्यासाठी आले तेव्हा प्रिंट त्यांच्या हातात दिली.

जाताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तो कागद चौघडी करून ठेवलेला होता. बसस्टँडवर तिकिटाचे पैसे काढताना तो बाहेर आला तेव्हा मी पाहिलं. त्या दोन रिकाम्या घरांत त्यांनी बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत, डोळ्यांत घालायच्या औषधांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. एका घरात उजवा डोळा, दुसऱ्यात डावा.